आवाज कुणाचा?

माणसाचं वय कशावरून ओळखावं याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. कुणी दातांवरून ओळखतात, कुणी केसांवरून. माझी रीत सोपी आहे. माणसाला लहान मोटारीत बसवावं आणि तासाला शंभरच्या वेगानं पाच तास न्यावं. उतरल्यावर तो "काय झक्कास रस्ता आहे!" म्हणाला तर तरुण समजावा, "थांबा, आधी कान मोकळे होऊ द्या," म्हणाला तर साठी उलटली समजावी.

मी दुसऱ्या वर्गातला. पण माझ्या कानांबद्दल गैरसमज नको. उमरीत मी बत्तीस वर्षं मास्तरकी केली. साठ पोरांच्या वर्गात शेवटच्या बाकावरची कुजबुज मला फळ्याकडे तोंड करून ऐकू येई. आजही रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या स्टेशनातून गेली ती मालगाडी की प्रवासी गाडी, हे मी डोळे मिटून सांगतो. उमरी तसं शांत गाव. १९४८ च्या जानेवारीत, निजामाच्या राजवटीत, स्वातंत्र्यसैनिकांनी इथली बँक लुटली तेव्हा एकदा गावाचं नाव दणक्यात गाजलं. त्यानंतर मोंढ्यातले लिलाव आणि लग्नसराईतले बँड सोडले तर इथे कानाला फारसा त्रास नाही. तेव्हा दोष कानांत नाही. दोष गाडीत आहे, आणि गाडीपेक्षा जास्त, गाडी विकणाऱ्यांच्या हिशेबात आहे. ते भांडण मला आज भांडायचं आहे.

माझी गाडी लहान आहे. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. एक तर या सगळ्या बहिणी सारख्याच. आणि दुसरं म्हणजे लेकीबाळींची तक्रार चारचौघांत नाव घेऊन करू नये. गावात तिच्यासारखी गुणी कुणी नाही. गल्लीत वळते, मोंढ्यात मावते, पेट्रोल बेतानं पिते. चाळीसच्या वेगाला ती गुणगुणते. साठला बोलायला लागते. ऐंशीला वाद घालते. शंभरला तिचं प्रवचन सुरू होतं, आणि त्यानंतर गाडीत बोलण्याचा अधिकार फक्त तिला उरतो.

लहान गाडीला मी नावं ठेवतोय असं मात्र समजू नका. आमच्या पिढीला मोटारीत बसवलं तेच लहान गाडीनं. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, त्याआधी मोटार म्हणजे डॉक्टर, आडते आणि पुढारी यांची मिरासदारी. तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं ते इंजिन. त्यानं हजारो मास्तरांना आणि कारकुनांना 'साहेब' केलं. २०१४ साली ती निघायची बंद झाली तेव्हा लोक घरचं माणूस गेल्यासारखे हळहळले. त्या काळी गाडी पन्नास-साठनं चालायची, कारण रस्ताच त्यापुढे जाऊ देत नव्हता. खड्डे हा आपल्याकडचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात प्रामाणिक आवाज-नियंत्रक होता, हे आता कळतं.

मग समृद्धी महामार्ग आला. नागपूर ते शिर्डी २०२२ च्या डिसेंबरात, आणि इगतपुरीपासून पुढे भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंतचा शेवटचा तुकडा २०२५ च्या जूनमध्ये. एकूण ७०१ किलोमीटर, आणि मोटारीला सपाटीवर ताशी १२० ची मुभा! आमचा मुलगा ठाण्यात असतो. पूर्वी आम्ही संध्याकाळी देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसत होतो, सकाळी मुंबईत उतरत होतो. मुलगा म्हणाला, "बाबा, आता गाडीनंच या. नांदेड, परभणी, जालना. जालन्याला समृद्धीवर चढलात की थेट आमच्या दारात."

चढलो. रस्ता खरोखर सुंदर आहे. पण तो आहे सिमेंटचा, आणि सिमेंटच्या रस्त्यावर टायर डांबरापेक्षा जास्त बोलतो. पायातून एक अखंड घोंगावणं वर चढतं, ते गुडघ्यांवाटे कंबरेत आणि कंबरेतून कवटीत. वरून वारा. आमच्या चिरंजीवांनी नंतर समजावून दिलं की वेग दुप्पट केला तर वाऱ्याचा आवाज दुप्पट होत नाही. त्यातली शक्ती तीस ते साठ पट वाढते आणि कानाला तो सुमारे तिप्पट वाटतो. पन्नासला जो खिडकीशी शीळ घालतो, तोच शंभरला आत घुसून बसतो. आणि वारा-टायर दोघे मिळून कमी पडले तर इंजिन आहेच. ते बिचारं लहान; मोठ्या गाडीला जे दोन हजार फेऱ्यांत जमतं, त्यासाठी याला तीन-साडेतीन हजार घ्याव्या लागतात. वर्गातल्या सगळ्यात बुटक्या पोराला बाकावर उभं राहूनच ओरडावं लागतं, तसं.

आता मूळ हकिकत. इगतपुरीच्या पुढे या रस्त्यावर एक बोगदा आहे, जवळजवळ आठ किलोमीटरचा. बोगद्यात शिरलं की बाहेर पळून जाणारा आवाजसुद्धा भिंतींवर आपटून परत गाडीत येतो. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून पुढच्या ट्रकचे लाल दिवे बघत होतो. अशा वेळी सौभाग्यवतींनी माझ्याकडे तोंड करून काहीतरी विचारलं. मला शेवटचे शब्द तेवढे आले : "...टाकायचं का?"

मी काट्याकडे पाहिलं. पेट्रोल पाव टाकी. मी मोठ्यानं म्हणालो, "टाकू की! आता कशाला थांबायचं? पुढं मिळंल न मिळंल, काय भरवसा?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं तोंड खिडकीकडे वळवलं. बोगद्याच्या खिडकीतून बघण्यासारखं काय असतं, हा प्रश्न नवऱ्याला पडायला हवा होता. मला पडला नाही. बोगदा संपला, पंप आला, मी पेट्रोल टाकलं, आणि पंपावरही ती गप्प का म्हणून विचारलं नाही. ठाणं येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि मी समाधानानं मनाशी म्हटलं, झोप लागली वाटतं.

रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही एवढ्या लवकर तयार व्हाल असं वाटलं नव्हतं. आई म्हणाली, उमरीचं घर विकायला तुम्ही हो म्हणालात म्हणून. आता किंमत काढायला सांगतो."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. बोगद्यातला प्रश्न होता : "उमरीचं घर विकून टाकायचं का?" आणि मी, ज्या घराच्या अंगणातला लिंब माझ्या हातानं लावलेला, तो मी, पेट्रोलच्या काट्याकडे बघून म्हणालो होतो, "टाकू की!"

सुनेसमोर, नातवासमोर "मला ऐकूच आलं नव्हतं" म्हणायची सोय नव्हती. म्हातारा बहिरा झाला, तेव्हा त्याला इकडे आणलंच पाहिजे, असा निकाल जागीच लागला असता. मी "बघू, घाई नाही" असं पुटपुटलो आणि ताकाचा भुरका मारला.

तेव्हापासून या विषयावर ज्याला त्याला मी प्रश्न विचारत सुटलो. उपाय तीन मिळाले, तिन्ही ऐकण्यासारखे आहेत.

पहिला, आमच्या शेजाऱ्यांचा : "मोठी गाडी घ्या." म्हणजे नवराबायकोला एकमेकांचं ऐकू यायचं असेल तर पाच-सात लाख अधिक मोजा! लग्नात आम्ही हुंड्याला नकार दिला होता, तो आता कंपनीला द्यायचा.

दुसरा, शोरूममधल्या गळपट्टीवाल्या पोराचा : "सर, चांगली म्यूझिक सिस्टीम टाकून घ्या, आवाज कळणारच नाही." शेजारच्या घरात भांडण चाललं तर आपल्या घरात भांडी फेकावीत, त्यातला हा प्रकार.

तिसरा, नातवाचा : "आजोबा, तुम्ही दोघंही इयरफोन घाला ना." हा उपाय खरं तर पुष्कळ घरांत मोटारीविनाही चालू झालेला आहे.

शहाणपणाचं बोलला तो एकटा आमचा उमरीचा मिस्त्री. त्यानं दाराच्या आतलं आवरण काढलं आणि पत्र्यावर बोटानं टिचकी मारली. रिकाम्या तेलाच्या डब्यासारखा आवाज आला. "बघा सर, आत काहीच नाही. महाग गाडीत इथं डांबराचे पट्टे असतात, खाली जाड नमदा असतो, दाराला दुहेरी रबर असतं. लहान गाडीत वजन वाढलं की ॲव्हरेज जातं, पैसा वाढला की गिऱ्हाईक जातं. म्हणून जे डोळ्याला दिसत नाही ते काढतात."

जे दिसत नाही ते काढतात! माझं सगळं भांडण या एका वाक्यात आलं. स्वस्त गाडी स्वस्तात बनवावी लागते हे मला मान्य आहे. पत्र्यावर नमदा टाकला तर चार पैसे वाढणार, हेही मान्य. पण त्याच गाडीत समोर हातभर काचेचा पडदा बसवायला पैसे असतात. त्या पडद्यावर नकाशे, गाणी, मागचं दृश्य, सगळं दिसतं. चार दारांत चार कर्णे असतात. म्हणजे आवाज करायला पैसे आहेत, आवाज थांबवायला नाहीत! कारण पडदा शोरूममध्ये दिसतो, आणि शोरूममध्ये गाडी उभी असते. उभ्या गाडीइतकं शांत काय असतं? गल्लीतून एक चक्कर मारून गाडी पसंत करणं म्हणजे मुलगी झोपलेली असताना स्वभाव पारखणं.

गाडी किती किलोमीटर जाते याचा आकडा पुण्याच्या टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्था प्रयोगशाळेत मोजून देतात. आदळली तर माणूस कितपत वाचेल याचे तारे २०२३ पासून भारत एनकॅपमध्ये मिळायला लागले. बाहेरून जाणाऱ्याच्या कानावर गाडीनं किती आवाज घालावा यालाही कायद्यानं मर्यादा आहे. मग आत जो पैसे मोजून बसतो त्याच्या कानाचा आकडा तेवढा का नसावा? ताशी शंभरच्या वेगाला ड्रायव्हरच्या कानाशी किती डेसिबल, एवढी एक ओळ किमतीच्या पाटीखाली छापा. त्या एका ओळीची लाज वाटून तरी दारात नमदा येईल. ही चैन नव्हे. पाच तास आवाजात बसलेला माणूस थकतो, थकलेल्याचं लक्ष उडतं, आणि शंभरच्या वेगाला लक्ष उडणं म्हणजे काय हे सांगायला नको. माझं तर नुसतं घरच जाणार होतं.

परतीच्या वाटेवर जालन्याला समृद्धीवरून उतरलो. परभणीच्या अलीकडे एका लिंबाखाली गाडी उभी केली, चावी फिरवली आणि विचारलं, "घर विकायचं असं तुला खरंच वाटतं?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पोरानं विचारायला लावलं म्हणून विचारलं हो. मला वाटलं, तुम्ही नाही म्हणाल. तुम्ही तर एवढं जोरात हो म्हणलात, की गिऱ्हाईक पुढं मिळंल न मिळंल म्हणून. मी म्हणलं, यांचंच मन उडालं असंल, तर आपण कशाला धरून बसायचं?"

मी पेट्रोलचं सांगितलं. ती आधी हसली, मग पदर डोळ्यांना लावला, मग पुन्हा हसली. घराचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही. गुडघे दोघांचेही कुरकुरतात, आणि पोराचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पण जे ठरेल ते बंद गाडीत ठरेल, असा नियम आम्ही केला.

परवा नांदेडहून येताना मुदखेडजवळ ती एकदम म्हणाली, "जरा गाडी बाजूला घ्या. बंद करा."

माझ्या पोटात गोळा आला. घेतली बाजूला. केली बंद. "बोल," म्हणालो.

"पेट्रोल टाकायचं का?" ती म्हणाली. "काटा खाली गेलाय."