धुराड्यातून जाणारा कोळसा

बिडाची भट्टी ऐन भरात असली, की तिच्या वरच्या दाराशी निळसर ज्वाळा नाचू लागते. पाहुण्याला ती शोभेची वाटते आणि मेस्त्रीही कौतुकाने म्हणतो, "भट्टी झकास पेटलीय!" आमचे म्हणणे निराळे आहे. त्या ज्वाळेत मालकाचा पैसा जळत असतो, आणि तोही बिनकामी.

कसा, ते पाहू. एक किलो शुद्ध कार्बन पुरता जळाला, तर सुमारे ७,८०० किलोकॅलरी उष्णता देतो. तोच अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड झाला, तर मिळते जेमतेम २,२००. म्हणजे सोळा आण्यांतले साडेचार आणे पदरात आणि बाकीचे धुराड्यात! शिवाय हा वायू विषारी.

आता वाचक म्हणतील, मग हवा वाढवा की! अभ्यंगस्नानाचा बंब धुमसू लागला की आजी फुंकणी घेऊन बसत असे, तसे. पण बिडाच्या भट्टीचे, म्हणजे क्युपोलाचे, गणित इतके सरळ नाही. या उभ्या नळकांड्यात कोक, बीड आणि चुनखडी यांचे थरावर थर रचलेले असतात. खालच्या तोट्यांतून पंख्याची हवा शिरते. तिथे कोक चांगला जळतो. परंतु तयार झालेला वायू वर चढताना पुन्हा लालभडक कोकमधूनच जातो, त्यातला कार्बन उचलतो आणि मोनॉक्साइड बनतो. एवढेच करून थांबत नाही. जाता जाता उष्णताही शोषून घेतो. खालून नुसता भाता वाढवून हा चोर सापडत नाही.

त्यावरचा उपाय साधा आहे. हवा दोन वाट्यांत विभागायची. एक वाटा खालच्या तोट्यांतून, दुसरा काही अंतर वर बसवलेल्या दुसऱ्या रांगेतून. वाटेत तयार झालेला मोनॉक्साइड वरच्या हवेत जळतो आणि त्याची ऊब धातूला मिळते. बीड अधिक तापलेले उतरते, कोक कमी लागतो.

हा नुसता पुस्तकी हिशेब नव्हे. हावड्याला लहानलहान फौंड्र्यांची दाटी आहे. तिथे ओतलेली गटारांची झाकणे न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर बसली आहेत. तिथल्या एका फौंड्रीत १९९८ साली दिल्लीच्या 'टेरी' संस्थेने, स्विस सरकारच्या मदतीने, अशी दुहेरी हवेची भट्टी उभारून दाखवली. पूर्वी शंभर किलो धातूमागे १३.६ किलो कोक टाकावा लागे, तो ८ किलोंवर आला. एकंदर इंधनात सुमारे ३५ टक्के बचत!

याला निकडही होती. ३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ताजमहालाच्या परिसरातल्या कारखान्यांना बजावले होते, की कोळसा सोडून गॅसवर या, नाहीतर दुसरीकडे जा. त्यांत आग्र्याच्या फौंड्र्याही होत्या. संगमरवर वाचला पाहिजे, हे खरेच. पण भट्टीवर पोट असणाऱ्या माणसाने रातोरात जायचे कुठे?

हावड्याच्या भट्टीला धूर धुणारे यंत्रही जोडले होते. मोठ्या भट्ट्यांना दर घनमीटर धुरात १५० मिलिग्रॅम धुळीची मर्यादा असताना तिथे ती ५० च्याही खाली गेली. मात्र एक व्यवहारी भेद आहे. नवी भट्टी कोक वाचवून आपली किंमत फेडते. धूर धुणारे यंत्र उलट वीज खाते. पहिल्यासाठी मालक कर्ज काढील, दुसऱ्यासाठी त्याचा हात आखडेल. यात त्याला दुष्ट ठरवण्याचे कारण नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या फुप्फुसांसाठी लागणाऱ्या खर्चात सरकारने वाटा उचलावा, असे आम्हांस वाटते.

आपल्या कोल्हापूरकडे शिरोली, गोकुळ शिरगाव भागांत पुष्कळांनी विजेची भट्टी घेतली आहे. धुराडे गेले, पण वीज कोळशावर झाली असेल तर धूर फक्त गाव बदलतो. आणि इथे तर गृहिणीलाही हसू येईल अशी एक चूक सर्रास होते : झाकण उघडे टाकणे! चौदाशे-पंधराशे अंशांचा रस उघड्यावर राहिला, की उष्णता भराभर आकाशाकडे जाते. साचे तयार नाहीत म्हणून रस ताटकळत ठेवणे, हा त्याच जातीचा दुसरा खर्च.

तिसरा तर कोणी इंधनाच्या खात्यात मांडतच नाही. वाळू ओली राहिली, नग सच्छिद्र निघाला, म्हणजे तो मोडीत जातो आणि पुन्हा वितळतो. त्याच्यापुरते इंधन दोनदा जळाले. कोल्हापूर-इचलकरंजीकडच्या फौंड्रीवाल्या वाचकांनी येत्या महिन्यात असा परत वितळायला गेलेला माल रोज तोलून वहीत मांडावा आणि शेकडा किती भरला, ते आम्हांला जरूर कळवावे.