चोवीसांत पहिला

परवा नात पुण्याहून आली होती. जेवणं झाल्यावर म्हणाली, "आबा, चला, तुमच्यातले गुण शोधू या." आता पंचाहत्तरी आली, शोधायचे कुठले गुण राहिलेत? पण नातीपुढे कोणाचं चालतं! ती मोबाईल घेऊन शेजारी बसली.

ही चाचणी फुकट करता येते. पीटरसन आणि सेलिगमन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली एका जाडजूड पुस्तकात माणसातल्या चोवीस चांगल्या गुणांची मांडणी केली. धैर्य, चिकाटी, दयाळूपणा, क्षमा, विनोदबुद्धी वगैरे. ही चाचणी त्याच मांडणीवर आहे. एकेक वाक्य येतं आणि ते आपल्याला कितपत लागू पडतं, ते पाच पर्यायांतून निवडायचं. नात मराठीत सांगत होती, मी उत्तरं देत होतो. शेवटी चोवीस गुण क्रमवार लावून मिळाले. नापास कोणी नाही. मास्तराला हे फार आवडलं.

माझा पहिला गुण आला न्यायबुद्धी, म्हणजे सर्वांना सारखं वागवणं. मी खूश! आमची सौ. लसूण सोलत होती. म्हणाली, "अहो, उत्तरं तुम्हीच दिलीत ना? मग पहिला नंबर येणारच."

तिनं हसत म्हटलं, पण मला रात्री झोप लागली नाही. कारण मला एक मुलगी आठवली.

मी दहावीचा वर्गशिक्षक होतो तेव्हाची गोष्ट. सहामाहीत तिला गणितात कमी गुण पडले. वडील भेटायला आले, तेव्हा मी तिच्यासमोरच सांगून मोकळा झालो, "हिला गणित जमायचं नाही, आर्ट्सला घाला." त्याच वर्गातल्या एका मुलाला तिच्याहूनही कमी गुण होते. त्याच्या वडिलांना मात्र मी म्हणालो होतो, "मुलगा हुशार आहे, अभ्यास करत नाही." पुढे खूप वर्षांनी ती गुलमंडीवर भेटली. वाकून नमस्कार केला. बोलता बोलता म्हणाली, "सर, तुम्ही नाही म्हणालात, म्हणून मी सायन्स घेतलंच नाही." तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. तेच जास्त लागलं.

अशी माझी न्यायबुद्धी! हे त्या चाचणीला कुठून कळणार? ती मलाच विचारते. त्या मुलीला विचारलं असतं, तर हा गुण चोविसावा आला असता.

शिवाय मनाला पटलं म्हणून ते खरं असतंच असं नाही. १९४८ साली फोरर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि निकाल म्हणून सर्वांच्या हाती एकच मजकूर ठेवला. ज्योतिषाच्या पुस्तकातून जुळवलेला! तो किती अचूक आहे, याला मुलांनी पाचपैकी सरासरी चारच्या वर गुण दिले.

मग चाचण्या करूच नयेत का? मी तसं म्हणत नाही. आपल्या राज्यात २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी होत असे. शेती, वाणिज्य, ललित कला, गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं होती. ललित कला किंवा गणवेश हाही एक रस्ता आहे, हे त्या निमित्तानं कित्येक घरांत पहिल्यांदा बोललं गेलं असेल. हा फायदाच. पण सुरुवातीच्या त्या चाचणीत कळायचा तो कल, म्हणजे ओढा. कुवत नव्हे. आणि पंधराव्या वर्षीचा ओढा विसाव्या वर्षी तोच राहील, याची हमी कोण देणार?

माझं मत एवढंच, की चाचणीनं बोलणं सुरू करावं, संपवू नये. मोठ्यांनी ती केली, तर निकाल घरच्यांना दाखवावा आणि ते काय म्हणतात ते मुकाट ऐकावं. मुलांच्या बाबतीत "तुला हे जमेल" असं निघालं, तर जरूर सांगावं. "जमणार नाही" हे मात्र कोणत्याही कागदाच्या आधारानं सांगू नये. मी तर कागदाशिवायच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सौ.ला म्हटलं, "अगं, तूही कर ना ती चाचणी." म्हणाली, "मला कशाला? तुम्हीच सांगा माझे चोवीस."

मी सांगायला बसलो. नवाव्या गुणावर अडकलो. पन्नास वर्षं एका घरात राहून नऊ! अजून आठवतो आहे.