मोठी बाग वर्षातून एकदा, छोटी रोज

हिंगोलीच्या लेकरांना मोठी बाग बघायची तर गाव सोडावं लागतं. कुणी छत्रपती संभाजीनगरचं सिद्धार्थ उद्यान गाठतं, कुणी पैठणचं संत ज्ञानेश्वर उद्यान. आम्ही यंदा दिवाळीनंतर हैदराबादला नेहरू प्राणी उद्यानात गेलो. मुलगी सहा वर्षांची, मुलगा चारचा. 1963 साली खुली झालेली, मीर आलम तलावाकाठची ही 380 एकरांची जागा. वाघ पाहून झाला, हत्ती पाहून झाला आणि थोड्याच वेळात धाकट्याचं सुरू झालं, "मम्मी, कडेवर घे." पण एका वडाखाली टेकलो, तर दोघं तिथून हलायला तयार होईनात. पारंब्या ओढल्या, माती उकरली, एका खारीमागं धावले. खार आमच्या गल्लीतही आहे. गल्लीत नाही ती सावली, मऊ माती आणि मोटारसायकलची भीती न बाळगता सुटण्याची मोकळीक.

म्हणून मला वाटतं, मोठ्या बागेची सहल जरूर करावी, पण लहान लेकरांची खरी गरज रोजची आहे. चार वर्षांच्या पोराला स्वतःच्या पायांनी जाता येईल, एवढ्या अंतरावरची बाग त्याला हवी.

"आपल्याकडे रान काय कमी आहे?" असं वडीलधारी विचारतात. रान आहे, पण ते कुणाच्या तरी मालकीचं. त्यात कठडा नसलेल्या विहिरी आहेत, हळदीच्या आणि सोयाबीनच्या पिकावर फवारे चाललेले असतात. शिवाय गावात प्लॉटवर वाढणारी लेकरं रानात जातात तरी कधी? दसऱ्याला रामलीला मैदान भरतं, तेवढे दिवस त्यांना हुंदडायला मिळतं. बाकी वर्षभर गल्ली आणि मोबाइल.

शहर नियोजनाच्या 2014 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. 2011 च्या जनगणनेत हिंगोली शहराची वस्ती सुमारे 85 हजार होती. तेवढ्यांसाठीच माणशी 10 चौरस मीटरनं हिशेब केला, तर 85 हेक्टर, म्हणजे सुमारे 210 एकर होतात. हैदराबादच्या त्या उद्यानाच्या निम्म्याहून जास्त!

एवढी जागा एका ठिकाणी मिळणार नाही, हे उघड आहे. पण तुकड्यातुकड्यांनी बरीच मिळू शकते. राज्याच्या विकास नियंत्रण नियमांनुसार एक एकराच्या आसपासच्या आणि त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के ओपन स्पेस सोडावीच लागते. प्लॉट घेताना आपण ती नकाशावर हिरव्या रंगात बघतो. नंतर तिथं वाळू-गिट्टीचे ढीग पडतात, गाड्या लागतात, गाजरगवत माजतं. बेंगळुरूत बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं 1991 साली तो निर्णय अवैध ठरवला. रुग्णालयासारख्या कामालाही जी जागा देता आली नाही, ती आपण गिट्टीला कशी देतो?

बाग म्हटलं की कारंजं, पुतळा आणि पेव्हर ब्लॉक डोळ्यांसमोर येतात. लेकरांना यातलं काही लागत नाही. लिंब, करंज, पिंपळाची सावली, वाळूचा एक खड्डा, पिण्याच्या पाण्याचा नळ, स्वच्छ शौचालय, आजी-आजोबांना बसायला बाक आणि लेकरू रस्त्यावर पळू नये म्हणून फाटक एवढं पुरे. आमच्याकडं मे महिन्यात सकाळी दहानंतर लेकरांना बाहेर सोडता येत नाही. त्यामुळं दिवे लागल्यावर दोन तास बाग उघडी राहिली पाहिजे.

संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं आणि क्रीडांगणं नगरपालिकांच्या कामांत नोंदलेली आहेत. तेव्हा नगरपरिषदेनं शहरातल्या प्रत्येक ओपन स्पेसची यादी क्षेत्रफळासह जाहीर करावी आणि जागेवर तसा फलक लावावा. आपणही आपल्या लेआउटचा मंजूर नकाशा मागून घ्यावा, जागा मोजावी, पावसाळ्याआधी खड्डे खणावेत. आज लावलेला लिंब सावली धरेपर्यंत माझी लेकरं मोठी झालेली असतील. त्यांच्यामागून येणाऱ्यांसाठी तरी हे काम या मृगालाच सुरू झालं पाहिजे.