रिपोर्ट नॉर्मल आला, घरी सोडायचे का?

पावसाळा ओसरतो, तासगाव तालुक्यात द्राक्षबागांची छाटणी सुरू होते आणि त्याच सुमारास दवाखान्यांत तापाच्या रुग्णांची गर्दी असते. मणेराजुरी किंवा सावळजकडचा एखादा मजूर थंडी वाजून ताप आला म्हणून सायंकाळी येतो. रक्त तपासले जाते, ‘सीआरपी’ नॉर्मल येतो. नातेवाईक म्हणतात, ‘‘डॉक्टर, रिपोर्ट चांगला आलाय की, मग सोडा घरी.’’ मजुरी बुडत असते, त्यामुळे त्यांची घाई समजण्यासारखी आहे. पण एवढ्या एका आकड्यावर रुग्णाला घरी पाठवणे धोक्याचे आहे.

सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन. १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते प्रथम आढळले. संसर्ग झाला की ते वाढते. मात्र वाढू लागायला सहा-आठ तास आणि सर्वोच्च पातळी गाठायला सुमारे दोन दिवस लागतात. ‘प्रोकॅल्सिटोनिन’ त्याआधी वाढते आणि जिवाणूसंसर्ग ओळखायला अधिक उपयोगी पडते. पण ती तपासणी महाग आहे. दुपारी चारला ताप आला आणि सहाला रक्त दिले, तर संसर्ग असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.

डेंगी तर आणखी फसवा. त्यात सीआरपी बऱ्याचदा फारसा वाढत नाही आणि खरा धोका ताप उतरू लागतो तेव्हा, तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान असतो. उलट, साध्या विषाणूजन्य तापातही सीआरपी थोडा वाढतो आणि घाबरून विनाकारण प्रतिजैविके सुरू होतात.

म्हणून या चाचण्या निरुपयोगी ठरत नाहीत. एका रिपोर्टपेक्षा दुसऱ्या दिवशी आकडा चढला की उतरला, हे अधिक सांगून जाते. सेप्सिसविषयीच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही प्रोकॅल्सिटोनिन पाहून प्रतिजैविक सुरू करण्याचा निर्णय घेऊ नये, ते कधी थांबवायचे यासाठी मात्र त्याची मदत घ्यावी, असे सुचवले आहे.

घरी सोडण्याआधी रुग्णाकडे नीट पाहणे महत्त्वाचे. श्वास मिनिटाला २२ किंवा अधिक, वरचा रक्तदाब १०० किंवा त्याहून कमी, बोलण्यात असंबद्धता, यांपैकी काहीही आढळले तर रिपोर्ट कितीही चांगला असो, सोडण्याची घाई नको. हे तपासायला प्रयोगशाळाही लागत नाही. वृद्ध, गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि मधुमेही यांच्याबाबत अधिक सावध राहायला हवे.

सारे ठीक असेल, तर रुग्णाने जरूर घरी जावे. मात्र त्याच्या कागदावर तीन गोष्टी मराठीत लिहिलेल्या असाव्यात : ताप कधी सुरू झाला, रक्त कधी घेतले आणि पुन्हा कधी यायचे. धाप लागणे, सतत उलट्या, पोटात जोरात दुखणे, लघवी कमी होणे, गुंगी येणे किंवा रक्तस्राव, यांपैकी काही झाले तर ठरलेल्या वेळेची वाट न पाहता लगेच यावे, हेही समजावून सांगावे.

सांगली-मिरजेची मोठी रुग्णालये नकाशावर जवळ दिसतात. पण मध्यरात्री मळ्यातल्या वस्तीवरून निघालेल्या रुग्णाला ती लांबच असतात. दुसऱ्या दिवशीची एक फेरी आणि बुडालेली अर्ध्या दिवसाची मजुरी त्या मध्यरात्रीच्या धावपळीपेक्षा खूप स्वस्त पडते.