झाडाला शिक्का, माणसाला काय?



आपल्या मालकीच्या डोंगरातला साग, ऐन, किंजळ तोडायचा तर १९६४ च्या कायद्याने परवानगी लागते. मालावर हातोडीचा शिक्का बसतो, वाहतुकीचा पास निघतो. एवढ्या कागदांत एक प्रश्न कुठेच नाही : उतारावर चेनसॉ घेऊन उभ्या राहणाऱ्या गड्याचे काय?

ठेकेदार घनफूट मोजतो, टन मोजतो. गडी मात्र पायात स्लिपर घालून निसरड्या उतारावर. अपघात झाला की म्हणायचे, "नशीब त्याचे!" नशीब कसले? पूर्ण वेगात साखळी सेकंदाला वीस मीटरच्या आसपास धावते. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन उसळून तोंडावर येते. हा यंत्राचा गुण आहे, दैवाचा नव्हे.

उताराचेही तसेच. ओंडका सुटला की खालीच गडगडणार. म्हणून तुकडे पाडणाऱ्याने वरच्या अंगाला उभे राहायचे आणि त्याच्या खाली कुणीही थांबायचे नाही. सरळ उताराखाली पाडलेले झाड जोरात आदळते, फुटते, घसरत जाते. कल पाहून शक्यतो उताराला आडवे पाडायचे. मागचा काप आरपार न्यायचा नाही, बिजागरीसारखी पट्टी राखायची. पडणाऱ्या झाडाला तीच धरून ठेवते. मागे तिरकी पळवाट आधीच साफ करायची. मशीन खांद्याच्या वर उचलायचे नाही. साखळीचा ब्रेक लागत नसेल तर काम बंद.

हे ठेकेदाराला कळत नाही असे नाही. थांबायला वेळ लागतो आणि वेळेला पैसे पडतात, एवढेच. सरकारही मोकळे. शेतकरी अपघात योजनेचे दोन लाख सातबाऱ्यावरच्या खातेदाराच्या घरापुरते. भूमिहीन गडी त्यात बसतच नाही.

तेव्हा सरकारची वाट पाहू नका. झाड आपले, सौदा आपला. भाव घासून घेता, तसेच हेही कागदावर लिहून घ्या : हेल्मेट, डोळ्यांवर जाळी, पकडीचे बूट आणि साखळी अडवणारी जाड थरांची पँट ठेकेदार देईल, गड्याचा विमा ठेकेदार उतरवील, पाऊस पडला की काम थांबेल.

ज्याला हे परवडत नाही, त्याला आपले झाड मिळणार नाही. गावोगावच्या बैठकीत हाच ठराव करा.