पाती त्यांची, धूळ आमची?



पवनचक्कीचं पातं वीस-पंचवीस वर्षांत निकामी होतं. साताऱ्याच्या वनकुसवडे-चाळकेवाडी पठारावरच्या, धुळ्याच्या साक्रीतल्या जुन्या चक्क्यांवर ती वेळ आली आहे. जुन्या चक्क्या उतरवून नव्या बसवण्याचं धोरण केंद्र सरकारने २०१६ साली आणलं, २०२३ साली पुन्हा नवं केलं. खांबाच्या लोखंडाला भंगारात भाव मिळतो. पातं मात्र काचेच्या धाग्याचं आणि रेझिनचं. ते वितळवून पुन्हा ओतता येत नाही, मातीत कुजत नाही. अमेरिकेत कॅस्पर शहराजवळ अशी पाती कापून सरळ जमिनीत पुरली.

आता म्हणतात, त्यांचं बांधकामाचं सामान करू. पात्यांचा चुरा सिमेंटच्या भट्टीत टाकला की रेझिन इंधन म्हणून जळतं, काचेतली सिलिका सिमेंटमध्ये मिसळते. जर्मनीत हे चालू आहे. चुरा काँक्रीटमध्ये घालण्याचेही प्रयोग झाले. पुरण्यापेक्षा वापरलेलं बरंच. आमचा त्याला विरोध नाही.

आमचा सवाल एवढाच: पाती कापणार कुठे, आणि कोण?

भीमाशंकरजवळ पवनचक्क्यांसाठी जंगल दिलं, डोंगर फोडून रस्ते काढले. तिथे वनहक्क डावलल्याचं गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात लिहिलं. म्हणजे चक्की उभी राहताना आदिवासीला विचारलं नाही. मोडताना तरी विचारणार का?

जूचंद्रला ‘पडीक जागा’ म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. साहेबाच्या नकाशात पडीक असते, तिथेच आमचं कुडाचं घर असतं. आज तिथे राडारोड्याची भरणी होते. उद्या पात्यांचं यार्ड मागतील, तेही पर्यावरणाच्या नावानं!

आणि कापणारे हात? बयाणा घेऊन वीटभट्टीवर राबतात तेच. काचेच्या धाग्याची धूळ अंगाला खाजते, डोळ्यांत जाते, छातीत बसते. ठेकेदार मास्क देईल की नुसता रुमाल?

म्हणून आमची मागणी:

१. पात्यांची विल्हेवाट ज्याने चक्की चालवली त्याने स्वखर्चाने लावावी. ग्रामपंचायतीच्या, महापालिकेच्या गळ्यात मारू नये.

२. वनहक्काचे दावे निकाली निघेपर्यंत आदिवासी कसतात-राहतात त्या जागेवर यार्ड नको. जमिनीचा कायदा आहे, कलेक्टरच्या परवानगीवाचून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीच्या नावे होत नाही. तो पाळा.

३. कापणी बंद शेडमध्ये, धूळ ओढणाऱ्या यंत्रासह. मजुराचं नाव हजेरीपटावर, पूर्ण मजुरी, वर्षाला छातीची तपासणी.

पात्याच्या चुऱ्याची भिंत शहरात उभी राहील, तिच्यावर हिरवी पाटीही लागेल. आमचं म्हणणं साधं आहे. भिंत कशाची ते मागाहून बघू. आधी घराखालची जमीन नावावर करा!

जिंदाबाद!