ताप आल्यावर डॉक्टर काय विचारतो

लावणी उरकली. रोप बरं लागलंय, फक्त वरच्या दोन खाचरांत जरा पिवळट दिसतंय, त्याचं पुढच्या वेळी लिहीन. आज भातावर नाही, डॉक्टरवर लिहितो. कारण आता दीड-दोन महिने आपल्या पायाला सुकं असं मिळणार नाही, आणि गावात तापाची माणसं सुरू झालीत.

माझं मत सरळ आहे. पाटी, एसी, काचेचं दार बघून डॉक्टर ठरवू नका. ताप घेऊन गेलात की तो पहिलं काय विचारतो ते बघा. काम काय करता? चिखलात उतरला होता का? पायाला भेग, जखम आहे का? लघवी कशी होते? असं विचारून पोट दाबून बघणारा, डोळ्याची पापणी खाली ओढून बघणारा डॉक्टर माझ्या हिशेबात पास. मान वर न करता "सुई देतो, बाटली लावू" म्हणणारा नापास, मग भिंतीवर कितीही सर्टिफिकेटं असोत. मी दहावी शिकलेला माणूस, औषधातलं मला कळत नाही. पण विचारलं की नाही विचारलं, एवढं कळतं.

आता हे प्रश्न का महत्त्वाचे? लेप्टो. बांधात उंदरांची बिळं असतात, त्यांची लघवी खाचराच्या पाण्यात उतरते आणि आपल्या पायाच्या भेगेतून आजार आत जातो. गुराढोरांच्या लघवीतूनही होतो. २००५ साली २६ जुलैच्या पुरानंतर मुंबईत याच आजारानं माणसं गेली, तेव्हा शहराला नाव कळलं. भातवाल्याला तो दरवर्षीचा शेजारी. सुरुवातीला साधा ताप वाटतो. पण पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाही माणूस, आणि डोळे लाल होतात. पहिल्या दिवसांत डॉक्टरनं ओळखलं तर साध्या अँटिबायोटिकवर भागतं. उशीर झाला की कावीळ, मग किडनी.

आमच्या भावकीत मागल्या वर्षी झालं. चाळिशीतला गडी, लावणीनंतर ताप. जवळच्या एका दवाखान्यात दोन दिवस सुई, एक बाटली, कागदात बांधलेल्या गोळ्या. कागद नाही, गोळ्यांची नावं नाहीत. शेत आहे का, एवढंही कोणी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे आणि लघवी बंद. मोठ्या दवाखान्यात नेला तर तिथले डॉक्टर विचारतात, आधी काय दिलं? कोण सांगणार? डायलिसिस करून वाचला, पण यंदा त्याची लावणी भावानं केली. तो बांधावर बसून होता.

डॉक्टरांची बाजू पण मला ठाऊक आहे. सुई न देता "दोन दिवस थांबू, रक्त तपासू" म्हणणाऱ्या डॉक्टरला आपलीच माणसं नावं ठेवतात. "नुसतं बोलायचे पैसे घेतले" म्हणतात आणि दुसऱ्याकडं जाऊन बाटली लावून घेतात. अहो, बोलायचेच पैसे असतात! सलाईनमध्ये मीठ आणि पाणी असतं. तोंडानं पिता येत असेल त्याला तेच पेजेतून मिळतं. मी तर म्हणतो फी त्या प्रश्नांची द्या, आणि औषधांची नावं वाचता येतील असा कागद मागून घ्या.

सापाचं पण तेच. फुरसं किंवा घोणस चावली तर रक्त गोठायचं बंद होतं. ते बघायला मशीन लागत नाही. कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग तिरपी करायची. रक्त वाहिलं तर विष चढलंय. प्लॅस्टिकची नळी चालत नाही, काचेचीच हवी. हे छोट्या दवाखान्यातही होतं. मण्यार त्याहून फसवी. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दात दिसत नाहीत, सूज नाही. पहाटे माणूस म्हणतो पोटात दुखतंय. ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवला की संपलं. पापण्या जड झाल्यात का, गिळता येतंय का, रात्री कुठं झोपला होतास, हे विचारणारा डॉक्टर त्याला लगेच लस असेल तिथं पाठवतो.

असे डॉक्टर नसतातच असं कोणी म्हणू नये. आपल्याच रायगडात, महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर आहेत. जालना जिल्ह्यातल्या गरीब घरातले. १९७६ ला बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात आले, तेव्हा लाल विंचू चावून पोरं जायची. घाम, थंडगार हातपाय, मग छातीत पाणी. बावस्कर रात्र रात्र खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब लिहून ठेवायचे. त्यातून त्यांना दिसलं की प्राझोसिन ही ब्लडप्रेशरची साधी गोळी वेळेत दिली तर माणूस वाचतो. १९८६ ला ते इंग्लंडच्या लॅन्सेटमध्ये छापून आलं. २०२२ ला पद्मश्री मिळाली. मोठी लॅब नव्हती त्यांच्याकडं. पेशंटजवळ बसणं होतं आणि लिहून ठेवणं होतं.

त्यांचीच दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. २०१३ साली पुण्याच्या एका तपासणी केंद्राकडून त्यांना १२०० रुपयांचा चेक आला, पेशंट पाठवल्याबद्दल. त्यांनी तो परत केला आणि मेडिकल कौन्सिलकडं तक्रार केली. त्यावर बरीच चर्चा झाली, २०१७ ला सरकारनं कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा पण केला. कायदा काही झाला नाही.

आपल्याकडं महानगरपालिका आली, विमानतळ आला, मजल्या-मजल्यांचे दवाखाने आले. मोठं ऑपरेशन असेल तर ते हवेतच. पण रात्री दार उघडणारा, तीन पिढ्यांची दुखणी पाठ असलेला डॉक्टर पेठेत कमी होत चाललाय. जे उरलेत त्यांच्याकडं जात राहा, नाहीतर तेही बंद करतील. आणि एक काम आजच करा. आपल्या डॉक्टरला विचारून ठेवा, रात्री साप चावला तर तुम्ही कुठं पाठवाल, तिथं लस असते का. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते, गाडीला १०८ आहे. नंबर आणि दवाखान्याचं नाव दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहा, म्हातारीला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.